गच्ची नसलेला गच्चीकर

"उत्तरा, उद्या मी बोलणार! असा बोलणार, की लोक म्हणतील हा माणूस इतके दिवस होता कुठे!"

शनिवारच्या संध्याकाळी कूलरच्या पुढ्यात पाय पसरून कृष्णकांत घाट्यांनी ही घोषणा केली. उत्तराबाई ओट्याशी कुरडयांचा चीक हाटत होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. नवरा बोलणार म्हणजे नेमकं काय करणार, याची त्यांना धास्ती नव्हती, कारण कृष्णकांत घरात बोलत असत तेव्हासुद्धा मनाने दुसऱ्याच गावात असत. चहात साखरेऐवजी मीठ पडलं तरी कप रिकामा करून 'आज छान झाला' म्हणणारा माणूस तो!

"कोणाशी बोलणार?"

"गच्चीवर."

"कोणती गच्ची? आपल्याला कुठे आहे गच्ची? असती तर या कुरडया मी अंगणात खाटेवर वाळवल्या असत्या का? आणि माझं लाल घमेलं असतं, तर..."

झालं! घमेलं आलं! हे लाल प्लॅस्टिकचं घमेलं दोन उन्हाळ्यांपूर्वी वाळवणाबरोबर इमारतीच्या गच्चीवर गेलं आणि परत आलंच नाही. तेव्हापासून दर उन्हाळ्यात त्याचं वर्षश्राद्ध होई. हळदीकुंकवाला भांड्यांची अदलाबदल होते म्हणून उत्तराबाईंनी घरातल्या प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगाची एक अर्धी कोर काढून ठेवली होती. पातेली, परात, तांब्या, अगदी लाटणंसुद्धा त्यातून सुटलं नव्हतं. "इतकी खूण केलेलं घमेलं जातं कसं म्हणते मी!" हे त्या म्हणत, आणि कृष्णकांत "हो ना" म्हणत. ऐकलेलं काहीच नसे.

घाट्यांचं घर आशीर्वाद अपार्टमेंटमध्ये तळमजल्यावर. खिडकी उघडली की समोर कंपाउंडची भिंत. आभाळ पाहायचं तर भिंतीला पाठ टेकून मान मोडावी लागे. इमारतीला गच्ची होती, पण मागल्याच्या मागल्या संक्रांतीला पतंग उडवणाऱ्या पोरांनी वरचा पाइप फोडला आणि सोसायटीचे सेक्रेटरी चंपतराव निखाडे यांनी गच्चीला कुलूप ठोकलं. चावी त्यांच्या कमरेला. बाया पापड घेऊन गेल्या, तरी त्यांचं उत्तर एकच, "नियम म्हणजे नियम!" चंपतराव जवळजवळ रोज संध्याकाळी 'सोसायटीची मीटिंग आहे' म्हणून घरातून निघत. त्या मीटिंगला आजवर कोणालाच बोलावणं आलं नव्हतं, आणि कोणाची तक्रारही नव्हती. आपणहून मीटिंगला जायची हौस असते कोणाला?

तर कृष्णकांत ज्या गच्चीबद्दल बोलत होते ती फोनमधली.

"म्हणजे सगळी दुनिया फोनवर फोटो टाकते, ते मोठं असतं, तसलंच ना?" उत्तराबाईंनी विचारलं.

"नाही वं! तो मोठा बाजार. तिथे मालक एक आणि ओरडणारे लाखो. आपण आभाळाचा फोटो टाकावा, तर खाली दोघं मारामारी करून राहिले आणि तिसरा गुडघ्याचं तेल विकून राहिला. ही आपली छोटी वस्ती आहे. नागपूरजवळच्या बेसाचा एक पोरगा आहे, सुशील. त्यानं घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालवली. चाळीसेक माणसं. रोज संध्याकाळी आपापल्या गच्चीवरून काय दिसतं ते लिहितात. बस्स! अशाच दुसऱ्या वस्त्याही आहेत. प्रत्येकीची विहीर वेगळी, सरपंच वेगळा, पण बांधावरून हाक मारता येते."

"आणि तुम्ही काय लिहिता?"

"मी... वाचतो."

दोन वर्षं! दोन वर्षं कृष्णकांत 'वाटसरू' या नावाने त्या गच्चीच्या दाराआड बसून नुसते वाचत होते. एक अक्षर लिहिलं नव्हतं. ऑफिसात फाइल उघडी ठेवून ते मनाने एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जात. भिवापूरला सिंधूताईंच्या गच्चीवर लाल मिरच्या पसरलेल्या असत, तिथे ते जरा थबकत, खोकत, पुढे जात. रामटेकला सिंधूताईंचीच लेक पिंकी शाळेत शिकवायची. तिच्या भाड्याच्या खोलीच्या गच्चीवरून गडावरचं देऊळ संध्याकाळी जांभळं होताना दिसे. बेसाला सुशीलच्या गच्चीवरून नव्या इमारतींच्या क्रेन दिसत. आणि सगळ्यात शेवटी ते 'कावळ्या'कडे जात.

हा कावळा कोण होता, देव जाणे. खरं नाव कोणालाच माहीत नव्हतं. फोटो रोज तोच: एक काळी पाण्याची टाकी, झाकण उडालं म्हणून तिच्यावर पालथं घालून वर दगड ठेवलेलं लाल घमेलं, घमेल्यावर एक पांढरी चंद्रकोर, आणि मागे आभाळ. खाली दोन ओळी. "आज ढग नाही. आभाळ घासून पालथ्या घातलेल्या पितळी गंजासारखं. मी आन् टाकी, दोघं पाहून राहिलो." कृष्णकांत ते वाचत, फोन छातीवर ठेवत आणि बराच वेळ पंख्याकडे पाहत राहत. विशेषतः ती चंद्रकोर त्यांना फार आवडे. केवढी प्रतिभा! माणसानं दिवसासुद्धा चंद्राची सोय करून ठेवावी!

पण त्या आठवड्यात सुशीलने नोटीस लावली. "मंडळी, मशीन म्हातारं झालं, नागपूरचा उन्हाळा त्याला सोसत नाही. मी ते कूलरसमोर ठेवून चालवून राहिलो. ओझं कमी करायचं आहे. जी खाती आजवर कधीच बोलली नाहीत, ती रविवारनंतर बंद करतो. राग मानू नका."

कृष्णकांतांनी नोटीस दोनदा वाचली. ही माणसं गेली तर संध्याकाळी जायचं कुठे? समोर भिंत होतीच.

म्हणून ती घोषणा!

*

रविवारी सकाळी तर्रीपोहे झाल्यावर ते लिहायला बसले. पहिलं वाक्य जमेना. मग त्यांना आपल्याकडची रीत आठवली. लग्नघरात पाऊल टाकलं की आधी काय करतात? एकेकाची विचारपूस! मावशीचे गुडघे, काकांची शुगर, नव्या जावयाची बदली. आणि एकालाही वगळायचं नसतं. जो राहिला तो पुढे दहा लग्नांत बोलून दाखवतो, "आम्हाले कोणी विचारलं नाही!" कृष्णकांत खुलले. गच्ची म्हणजे तरी काय, घरचंच कार्य! त्यांनी लिहिलं:

"रामराम मंडळी! मी वाटसरू. बोलतो पहिल्यांदा, पण परका नाही. सिंधूताई, गुडघा कसा आहे? डॉक्टर बदलला ते बरं केलं. पिंकी, पोरी, स्कूटरचा आरसा नवीन बसवला का? आईला अजून कळलं नाही ना? सुशील, तुझ्या गल्लीतला वाकडा खांब सरळ केला का? मागच्या दाराची कडी दुरुस्त करून घे, सैल आहे. कावळेबुवा, तुम्ही घरी 'मीटिंग आहे' सांगून गच्चीवर जाऊन बसता, ते सूनबाईला कळलं तर नाही? पाठीला तेल लावत चला. मी रोज पाहतो तुम्हा सर्वांना. तुमचाच, वाटसरू."

अशी आणखी पंधरावीस जणांची विचारपूस केली. कोणाची मांजर, कोणाचं कर्ज, कोणाची मोडलेली सोयरीक. कोणी राहिलं नाही ना हे दोनदा तपासलं, पाठवलं आणि कूलरच्या वाऱ्यात आडवे झाले.

काय झोप लागली म्हणता! वाळ्याच्या वासात ते हळूहळू वर उचलले गेले. सगळ्या गावांच्या गच्च्या एकमेकींना लागून आल्या होत्या. कठड्यावरून पाय टाकला की भिवापूर, आणखी एक टांग की रामटेक. सिंधूताई म्हणत होत्या, "या या वाटसरू, मिरच्यांवर पाय नका देऊ." पिंकी सरबत आणत होती. कावळेबुवा पाठमोरे बसले होते. ते आता वळणार, चेहरा दिसणार, एवढ्यात कोणीतरी त्यांना गदागदा हलवलं.

"अहो, उठा! तुमचा फोन टेबलावरून नाचत नाचत खाली पडला!"

कृष्णकांतांनी हसतमुखाने फोन उचलला. हसू ओठावरच वाळलं.

"हा कोण आहे???" पिंकीने लिहिलं होतं.

"कोणता आरसा वं पिंकी?" सिंधूताईंनी. त्या गच्चीवर आल्या होत्या लेकीच्या मागून, सहा महिन्यांपूर्वी, त्यामुळे तिचं त्याआधीचं लिखाण त्यांनी वाचलेलं नव्हतं.

"काही नाही गं आई."

"तू तर म्हणे स्कूटर उभीच होती, म्हैस येऊन धडकली! म्हशीले तुझा आरसाच दिसला का?"

"काका, कडी सैल आहे हे तुम्हाला कसं माहीत?" सुशील. "मी आत्ताच जाऊन पाहिली. खरंच सैल आहे!"

कारण काय, तर वर्षभरापूर्वी सुशीलनेच लिहिलं होतं की मागचं दार वाऱ्याने वाजतं आणि झोप येत नाही. पण आपण वर्षभरापूर्वी काय लिहिलं हे लिहिणाऱ्याच्या थोडंच लक्षात राहतं? ते वाचणाऱ्याच्या लक्षात राहतं. आणि असा कोणी वाचणारा आहे, हेच मुळी कोणाला ठाऊक नव्हतं.

सगळ्यात कडक होता कावळा. "हा हेर आहे! माह्या सुनेनं पेरला! याले आत्ताच्या आत्ता हाकला!"

कृष्णकांत घाबरले. गैरसमज वेळीच दूर करावा म्हणून त्यांनी घाईने लिहिलं, "घाबरू नका! मी कुठूनही आलो नाही. मी दोन वर्षांपासून इथेच आहे!"

गच्चीवर हाहाकार झाला.

"तसं नाही!" त्यांनी पुन्हा लिहिलं. "तुम्ही लिहिलेलं सगळं मी वाचलं आहे. तुमचे फोटोही जपून ठेवले आहेत!"

यानंतर तिघांनी आपले फोटो काढून टाकले. एकाने लिहिलं, "आता बँकेचा नंबर मागेल, पाहा!" शेजारी 'मळा' नावाची वस्ती होती. ती परसबागवाल्यांची, आणि यमुताई नावाच्या करारी बाई ती वर्ध्याहून चालवत. गच्ची आणि मळा यांच्यात वर्षानुवर्षं घरोबा होता, इकडचे ढग तिकडे जात, तिकडची वांगी इकडे येत. यमुताईंनी फाटकच लावलं! "तुमच्याकडचा हेर निघेपर्यंत आमची वांगी तुमच्या गच्चीवर दिसणार नाहीत. कळावे."

एका माणसाच्या विचारपुशीने दोन गावांचा रोटीव्यवहार बंद पडला!

शेवटी सुशीलने तोडगा काढला. पोरगा मवाळ होता, कोणाला एकदम हाकलणं त्याच्या जिवावर येई. "काका, आपला एकच नियम आहे. इथे गच्ची असलेला माणूस बसतो. आज सूर्य बुडायच्या आत तुमच्या गच्चीवरून तुमचा फोटो टाका. जुना फोटो चालणार नाही, म्हणून हातात तांब्या धरा. फोटो आला तर तुम्ही आमचे. नाही आला तर खातं बंद."

कृष्णकांतांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. भिंत. भिंतीवर पिवळं ऊन तिरपं झालं होतं.

*

तांब्या घेऊन ते पहिल्या मजल्यावर धावले. चंपतरावांनी दार उघडलं. एका हातात फोन, चेहरा लालबुंद. आतून टीव्हीचा, मिक्सरचा आणि दोन नातवांच्या भांडणाचा आवाज एकदमच बाहेर आला.

"चंपतराव, दहा मिनिटं गच्चीची चावी द्या!"

"काहून?"

खोटं बोलायची सवय नसली की माणूस नको तिथे कलावंत होतो. "पापड," कृष्णकांत म्हणाले. "पापड वाळवायचे आहेत."

"संध्याकाळी?"

"चांदण्यातले पापड. हलके होतात म्हणे."

"आन् हा तांब्या?"

"पापडांना... पाणी."

चंपतरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं आपण उन्हात टोपी न घालता फिरणाऱ्या माणसाकडे पाहतो. "घाटे साहेब, घरी जा. लिंबूपाणी घ्या. गच्ची बंद म्हणजे बंद! आन् मले बिलकुल टाइम नाही. लय मोठी भानगड झाली आहे, मीटिंग आहे मले!"

दार आपटलं. कृष्णकांत खाली जिन्याच्या पायरीवर बसले. तांब्या मांडीवर. त्यांना रडू येईल असं वाटलं, आणि या वयात तांब्या घेऊन जिन्यात रडणं बरं दिसणार नाही असंही वाटलं. तेवढ्यात उत्तराबाई चिकाचे हात पुसत त्यांना शोधत आल्या. त्यांनी सगळं सांगून टाकलं. म्हशीपासून वांग्यांपर्यंत. उत्तराबाई आधी पोट धरून हसल्या. मग नवऱ्याचा चेहरा पाहून शेजारी पायरीवर बसल्या.

"इतकं काय मनाला लावून घेता?"

"माझी माणसं आहेत वं ती. सिंधूताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं त्या दिवशी माझं ऑफिसात लक्ष नव्हतं. मी त्यांना इतका ओळखतो, आणि त्यांनी मला ओळखायचं कसं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी कधी 'हं'सुद्धा म्हटलं नाही."

घरात मीठ-साखर न कळणारा हा माणूस कोणाच्या तरी गुडघ्यासाठी दिवसभर झुरला होता! उत्तराबाईंनी पदर खोचला, घरात जाऊन खलबत्त्यातला बत्ता आणला आणि म्हणाल्या, "चला वर. कुलपाचं मी पाहते."

वर गेले तर कुलूपच नव्हतं! दार गच्चीच्या बाजूने लावलेलं होतं. म्हणजे आत कोणीतरी होतं. कृष्णकांतांनी दार ठोठावलं. धाड! धाड! धाड!

आतून एक कावळा ओरडल्यासारखा आवाज आला आणि लगेच थांबला.

त्यांच्या फोनवर गच्ची पुन्हा खवळली होती. कावळ्याने लिहिलं होतं, "मंडळी, सावध! कोणीतरी माह्या गच्चीचं दार ठोकून राहिलं! हेर आला वाटते! मी एकटा आहे!"

कृष्णकांतांचा जीव कळवळला. बिचारे कावळेबुवा! इकडे आपल्यावर संकट, तिकडे त्यांच्यावर. स्वतःचं दुःख विसरून त्यांनी लिहिलं, "कावळेबुवा, तो मी नव्हे! धीर धरा! काही झालं तरी दार उघडू नका!"

आतून पुन्हा, काव काव!

"नाही उघडत," कावळ्याने लिहिलं. हेराचा सल्ला असला तरी सल्ला पटण्यासारखा होता.

"शाब्बास!" कृष्णकांतांनी लिहिलं, आणि ऊन उतरताना पाहून दारावर दुप्पट जोराने थापा मारल्या. "अहो, कोण आहे आत? दार उघडा!"

"आता ओरडूनही राहिला!" कावळा.

"दाराला टाकीचा दगड लावा!" कृष्णकांत. काव काव! "घमेल्यावरचा!"

आत दगड सरकल्याचा आवाज आला. धप्प!

"लावला," कावळा.

"छान!" कृष्णकांतांनी लिहिलं आणि खांद्याने दार ढकलून पाहिलं. दार आता मुळीच हलेना. "उत्तरा, आत कोणीतरी दगड लावला वं! काय दुष्ट माणसं आहेत या इमारतीत!"

उत्तराबाई काही वेळ नवऱ्याकडे पाहत राहिल्या. मग दाराकडे. मग पुन्हा नवऱ्याकडे.

"एक काम करा. त्या कावळ्याला नुसतं 'हं' लिहून पाठवा."

"आत्ता? हे काय सुचलं तुला?"

"पाठवा म्हणते ना!"

त्यांनी 'हं' पाठवलं. दाराआडून, हातभर अंतरावरून, काव काव! उत्तराबाईंनी आणखी एकदा पाठवायला लावलं. काव काव! तिसऱ्यांदा. काव!

कृष्णकांतांच्या हातून तांब्या निसटला आणि तीन पायऱ्या खणखणत खाली गेला.

"कावळेबुवा?" त्यांनी दाराच्या फटीला तोंड लावून हलक्या आवाजात विचारलं.

आतून एक घोगरा आवाज आला. "वाटसरू?"

दगड सरकला. दार उघडलं. समोर चंपतराव निखाडे उभे होते, बनियनवर, डोळे मोठे करून. त्यांच्या मागे काळी टाकी, टाकीवर लाल घमेलं, घमेल्यावर पांढरी चंद्रकोर, आणि त्या सगळ्यामागे नागपूरचं अख्खं आभाळ, काठोकाठ भरलेलं, केशरी. दोन वर्षं कृष्णकांत ज्या गच्चीवर रोज मनाने येत होते, ती त्यांच्या डोक्यावरच होती. पंख्याकडे पाहत पडून राहत, तेव्हा ते सरळ तिच्याकडेच पाहत असत!

"तुम्ही रोज वाचत होते?" चंपतरावांनी विचारलं. राग कुठल्या कुठे गेला होता.

"रोज. ते आभाळ गंजासारखं... मला पाठ आहे."

"मंग एकदाही 'बरं लिहिलं' म्हणून काहून नाही म्हटलं? मी रोज पाहो. कोणाचं काही येत नव्हतं. मले वाटे, टाकीच वाचते फक्त." चंपतरावांनी टाकीकडे पाहिलं. "खाली घरात सहा जणं, कोणाले माहं ऐकाले टाइम नाही. म्हणून वर येतो. म्हणून कुलूप. तो पाइप तर तव्हाच दुरुस्त झाला."

आपण गप्प बसून कोणाचं काय बिघडवतो, असं कृष्णकांतांना नेहमी वाटत आलं होतं. आज कळलं काय बिघडतं ते. त्यांचे डोळे भरून आले.

"अहो, गळे काय काढता!" उत्तराबाई तांब्या घेऊन वर येत ओरडल्या. "सूर्य चालला!"

खरंच चालला होता! समोरच्या कडुनिंबाआड पापडाच्या तुकड्याएवढा उरला होता. मग एकच धांदल उडाली. कृष्णकांत टाकीला टेकून उभे राहिले, तांब्या धरला, चंपतराव फोन घेऊन मागे सरकत गेले, "हसा! हसा गा वाटसरू!" आणि खटकन फोटो निघाला. तांब्या थेट तोंडासमोर आला होता. फोटोत तांब्या, एक कान, टाकी आणि घमेलं.

खाली कावळ्याने स्वतः लिहिलं, "मंडळी, मी साक्ष देतो. वाटसरू खरा माणूस आहे. माह्याच इमारतीत, माह्याच खाली राहतो. माणूस चांगला आहे. पापडातलं त्याले काही समजत नाही."

गच्चीवर नुसता आनंदीआनंद झाला. "काका, फोटोत कानच दिसतो, पण चालेल!" सुशील. "गुडघा बरा आहे वाटसरू भाऊ. पिंकीचा आरसा मी बसवून देईन, म्हशीचा खर्च तिनं द्यावा," सिंधूताई. यमुताईंनी फाटक उघडलं आणि तीन भरताची वांगी बांधावरून पाठवली.

ऊन उतरलं. गच्ची अजून तापलेली होती, पण वारा सुटला होता. उत्तराबाई खाली गेल्या, आणि दोघं टाकीला पाठ टेकून बसले.

"घाटे साहेब, रोज या," चंपतराव म्हणाले. "बायांचे पापडही येऊ द्या. पण संध्याकाळी एक नियम. इथं बोलाचं नाही. मी शांततेसाठी येतो."

कृष्णकांतांनी मान डोलावली. थोड्या वेळाने त्यांनी फोन काढून लिहिलं, "कावळेबुवा, तो ढग कसा वाटतो?" शेजारी, मांडीला मांडी लागेल इतक्या जवळ, चंपतरावांच्या फोनमधून काव काव झालं. "फुगलेल्या भाकरीसारखा. तुमाले?" "मला उशीसारखा." आणि दोघंही आपापल्या फोनकडे पाहून समाधानाने हसले. आभाळ हळूहळू विझत गेलं. आपण झोपेत आहोत की जागे, हे कृष्णकांतांना नीटसं कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची घाईही नव्हती.

एवढ्यात पिंकीचा संदेश आला. मास्तरीण ती, तिची नजर बारीक. "वाटसरू काका, एक विचारू? तुमच्या तांब्यावर आणि कावळेकाकांच्या घमेल्यावर तीच चंद्रकोर कशी?"

कृष्णकांतांनी तांब्या पाहिला. मान वळवून घमेलं पाहिलं. पुन्हा तांब्या पाहिला. दोन वर्षं! रोज! फोटो छातीवर ठेवून!

चंपतराव अचानक कडुनिंबाकडे पाहू लागले.

आणि त्याच क्षणी गच्चीवर एक नवीन खातं उगवलं. नाव 'कुरडई'. पहिलीच पोस्ट: "नमस्कार. मी वाटसरूंची बायको. चंपतराव भाऊजी, तुमची सून खाली विचारून राहिली, मीटिंग कधी संपते. मी सांगितलं, घमेलं परत मिळालं की संपते. दोघंही या, भरीत-भाकरी केली आहे. येताना माझं घमेलं धुऊन आणा."

या पोस्टला गच्चीवरच्या झाडून सगळ्यांनी पसंतीचे लाल बदाम दिले. मळ्यातूनही आले. यमुताईंनी तर दोनदा दाबून पाहिलं.

कृष्णकांतांच्या त्या ऐतिहासिक पहिल्या पोस्टला आजवर एकच बदाम आहे. तो उत्तराबाईंचा. आणि तोही चिकाच्या हाताने चुकून दाबला गेला, असं त्यांचं म्हणणं आहे!